फोडणी जिथवर उडते, तिथून पुढे चित्र

स्वयंपाकघर सजवायचं म्हटलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा येते ती फळांच्या टोपलीची छापील फ्रेम. वर्षभराने तिच्या काचेवरून बोट फिरवलं की रेघ उठते आणि बोटाला पिवळसर चिकटा लागतो. चित्र वाईट नसतं, जागा चुकलेली असते. तेलाची वाफ भिंतीवर बसते, हवेने आणि उष्णतेने हळूहळू घट्ट होते, तिच्यावर धूळ बसते, धुळीवर परत तेल. हा थर कागदात, कापडात किंवा मॅट रंगात एकदा मुरला की निघत नाही. काचेवरून, भाजलेल्या टाइलवरून आणि धातूवरून मात्र तो पुसता येतो. स्वयंपाकघरातल्या सजावटीचा निम्मा निर्णय इथेच होतो. चित्र कोणतं हवं ते आपण ठरवायचं, पण ते कशावर काढायचं ते भिंत ठरवते.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी आठ दिवस एक स्वस्तातला प्रयोग करून बघा. पांढऱ्या पातळ कागदाचे चार-चार इंचांचे दहा-बारा तुकडे मास्किंग टेपने भिंतींवर लावा: शेगडीमागे, शेगडीच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि दोन-दोन फुटांवर, सिंकच्या मागे, फ्रिजशेजारी, ओट्यासमोरच्या भिंतीवर आणि वरच्या कपाटांच्या माथ्यावर. प्रत्येकावर जागा लिहून ठेवा. स्वयंपाक नेहमीसारखाच होऊ द्या, त्यात एखादा दिवस भजी किंवा पुऱ्या असल्या तर उत्तम. आठ दिवसांनी कागद काढून खिडकीसमोर धरा. जिथे तेल बसलंय तिथे कागद आरपार दिसतो, हळदीचे ठिपके वेगळे ओळखू येतात, वाफेची जागा असेल तिथे कागद सुरकुतलेला असतो. फोडणीतल्या मोहरीपेक्षा कुकरच्या शिट्टीचा मारा लांब जातो, हे पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. वरणाचा कुकर भिंतीजवळच्या शेगडीवर चढत असेल तर छतालासुद्धा पिवळे ठिपके सापडतात. आणि कपाटाच्या माथ्यावरचा कागद बहुधा सगळ्यांत वाईट निघतो.

कागद तेलकट निघाले त्या पट्ट्यात भाजलेली टाइल, काच किंवा धातू, एवढंच. वाफेचा पट्टा असेल तर धुता येणारा रंग चालतो. कागद कोरडे राहिले त्या भिंतीवर हवं ते करा.

शेगडीमागे चित्र हवंच असेल तर हाताने रंगवलेल्या टाइलचा पर्याय सर्वांत टिकाऊ. मात्र ‘हाताने रंगवलेली’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत रंग टाइलच्या झिलईत किंवा झिलईवर घालून भट्टीत भाजलेला असतो. दुसरीत बाजारातल्या तयार चकचकीत टाइलवर ॲक्रिलिक रंगाने चित्र काढून वर क्लिअर कोट मारलेला असतो. दिसायला दोन्ही सारख्याच, पण दुसरी ओट्यामागे लावली की काही महिन्यांत तारेच्या घासणीबरोबर पापुद्रे निघायला लागतात. ओळखायचं असेल तर टाइलच्या कडेला रंगावरून नख जोरात घासा. भाजलेल्या रंगाला काही होत नाही, वरवरच्या रंगाची कड उचलली जाते. भाजलेलं चित्र किती टिकतं हे बघायचं असेल तर पणजीतल्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जा. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे १९३५ सालचे निळे-पांढरे अझुलेजो, म्हणजे रंगवून भाजलेल्या टाइलची चित्रं, तिथे आहेत. गोव्याची हवा आणि तिथला पावसाळा सोसूनही ती निळाई तशीच आहे.

घरी रंगवायचं असेल तर पोर्सिलेनसाठीचे, घरच्या ओव्हनमध्ये पक्के होणारे रंग मिळतात. भट्टीत भाजलेल्याची सर त्यांना नाही, पण शेगडीपासून जरा बाजूच्या पट्ट्यात ते चालतात. टाइल आधी स्पिरिटने पुसा, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमका तिथेच रंग सुटतो. रंगवल्यावर पूर्ण २४ तास वाळू द्या. मग टाइल थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन चालू करा, तापमान १५० अंश सेल्सिअसला पोचल्यावर ३५ मिनिटं मोजा आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड टाइल सारली तर तडकते. रंगाच्या बाटलीवर वेगळं तापमान दिलं असेल तर तेच पाळा. नियम बाटलीचा, आमचा नव्हे.

सहा इंची १६ टाइलचं, चार बाय चारचं पॅनेल म्हणजे साधारण दोन फूट बाय दोन फूट. ओटा आणि वरची कपाटं यांच्यात बहुतेक घरांत दोन फुटांचीच जागा असते, त्यामुळे हे माप बरोबर बसतं. बसतं म्हणजे, टाइलमधल्या फटी धरल्या नाहीत तर. दोन मिलिमीटरच्या तीन फटी म्हणजे सहा मिलिमीटर वाढले. तेवढ्यासाठी मिस्त्री वरची ओळ कापतो आणि नेमकं फुलाचं डोकं जातं. म्हणून आधी मोजमाप, मग चित्र. प्रत्येक टाइलच्या मागे पेन्सिलीने क्रमांक आणि वरच्या बाजूचा बाण काढा, भिंतीला लावण्याआधी सगळं पॅनेल फटींसकट जमिनीवर मांडून मिस्त्रीला दाखवा आणि त्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवा. चित्रात मोठी रेघ फटीला समांतर ठेवू नका. किंचित सरकली तरी डोळ्याला खुपते. तिरकी, वळणदार रेघ दोन मिलिमीटर सहज लपवते.

जुन्या टाइलवरच नवी बसवायची असेल तर सिमेंट धरत नाही, टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरा. फटींत साधा पांढरा सिमेंट भरला तर हळद त्यात महिन्याभरात कायमची मुक्कामाला येते, म्हणून इपॉक्सी ग्राउट. महाग पडतं, पण दोन फूट पॅनेलला लागतं तरी किती! आणि काम संपल्यावर मिस्त्री सवयीने ‘अ‍ॅसिड मारून स्वच्छ करून देतो’ म्हणतो, तेव्हा त्याचा हात धरा. वरून रंगवलेल्या टाइलचा रंग अ‍ॅसिडने मरतो, सिमेंटच्या फटीही पोखरल्या जातात. इपॉक्सी ओलं असतानाच कोमट पाण्याने आणि मऊ स्पंजने पुसलं तर अ‍ॅसिडची गरजच पडत नाही.

टाइलऐवजी छापील चित्रावर काच लावायची असेल तर शेगडीमागे टफन्ड काचच हवी, साधी काच उष्णतेने तडकते. तिच्यात प्लगपॉइंटसाठी भोक हवं असेल तर ते काच टफन करण्याआधीच पाडून घ्यावं लागतं. नंतर ड्रिल लावलं की काचेचा चुरा होतो.

आता कोरडी भिंत. इथे खरी मजा.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत हल्ली सगळ्यांत जास्त दिसते ती वारली, आणि सगळ्यांत जास्त बिघडतेही तीच. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर ही चित्रं गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करून काढली जातात. लग्नाच्या वेळी सवाशिणी घरात देवचौक, म्हणजे देवीचा चित्रचौक, काढतात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी पुरोहित बाई, लग्न लावते. तो चौक धार्मिक आहे. वॉश बेसिनच्या वर किंवा मिक्सरच्या मागे तो शोभेला काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भात लावणं, मळणी, तारपा या फुंकवाद्याभोवती फेर धरून केलेला तारपा नाच, ताडावर चढणारा माणूस, कोंबड्या, मुंग्यांची रांग असे विषय भरपूर आहेत. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला लग्नाच्या चौकाबाहेर काढून रोजच्या जगण्याकडे वळवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. जमत असेल तर त्या भागातल्या कलाकारालाच बोलवावं. घरच्यांनी काढायची असेल तर पुढचं वाचा.

समजा भिंत सहा फूट बाय चार फूट, म्हणजे २४ चौरस फूट. पहिली परीक्षा ओलीची. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं तर भिंतीतच ओल आहे: पलीकडे बाथरूम असेल किंवा पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत असेल. अशा भिंतीवर रंगाखालून पांढरा लोणा फुलतो आणि चित्र आतून ढकलून पाडतो. वरून कितीही वॉटरप्रूफ कोट मारा, गळती बंद झाल्याशिवाय तिथे हात लावू नका. दव बाहेरच्या बाजूला असेल तर ती फक्त खोलीची दमट हवा, भिंत ठीक आहे.

दुसरी परीक्षा तेलाची. भिंत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने वरून खाली पुसा, साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळू द्या. मग ओला हात झटकून शिंतोडे उडवा. पाणी पसरलं तर भिंत स्वच्छ. थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे गोळा होऊन राहिले तर वर तेल आहे, किंवा भिंतीला ऑइल पेंट आहे. तेल असेल तर परत धुवा. ऑइल पेंट असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, धूळ पुसा आणि प्रायमरचा एक हात द्या. ही पायरी गाळली की रंग लावताना काही दिसत नाही, सहा महिन्यांनी मात्र टेप चिकटवून ओढला की सगळा पदर हातात येतो.

गेरूचा रंग करताना हमखास होणारी चूक म्हणजे घरातला उरलेला पांढरा इमल्शन घ्यायचा आणि त्यात रेड ऑक्साइडचं स्टेनर ओतायचं. कितीही ओता, रंग गुलाबी होतो, गेरू होत नाही, कारण पांढऱ्या इमल्शनमधला पांढरा रंगद्रव्याचा भाग हटत नाही. शिवाय स्टेनर जास्त झालं की रंगाची पकड जाते आणि पुसताना फडक्याला लाल लागतं. दुकानात मशीनवर गडद रंगासाठीचा बेस घेऊन, धुता येणारा इमल्शन गेरूच्या छटेत करून घ्या. २४ चौरस फुटांच्या दोन हातांना पाव लिटरच्या आसपास लागतो. एक लिटरचा डबा घेतला तरी उरलेला फेकू नका, पुढे डागडुजीला नेमकी तीच छटा परत मिळत नाही. खराखुरा गेरू डिंकात कालवून लावायचा मोह होईल, तो आवरा. पहिल्या ओल्या फडक्याबरोबर उतरतो. तांदळाच्या पिठाचंही तेच. पाड्यावर चित्र दरवेळी नव्याने काढायचं असतं, तिथे ते योग्यच आहे; फ्लॅटमध्ये त्याला बुरशी येते आणि झुरळांची सोय होते.

पांढऱ्यासाठी ॲक्रिलिकची १०० मिलीची एक ट्यूब या भिंतीला पुरून उरते. ताकाइतकी पातळ करा. त्याहून घट्ट असेल तर रेघ तुटते, पातळ असेल तर ओघळ येतो आणि खालचा गेरू दिसतो. एक नंबरचा गोल ब्रश आणि बारीक कामाला शून्य नंबरचा, दोन पुरेत. बेसचा दुसरा हात देऊन निदान एक दिवस झाल्यावर खडूने आखणी करा. पेन्सिल नको, गडद इमल्शनवर तिची चकाकी राहते आणि खोडताना पट्टे उमटतात. तारप्याचा फेर काढायला मध्यावर बोटाने दोरा धरून, दुसऱ्या टोकाला खडू बांधून, दोरा थोडा-थोडा सैल करत फिरवा. छान गुंडाळी होते. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, वरचा टोक खाली, खालचा टोक वर, कंबरेत जुळलेले. नवशिके हे दोन्ही त्रिकोण सारख्या मापाचे आणि अगदी उभे काढतात, मग सगळे पुतळ्यासारखे ताठ दिसतात. नाचणाऱ्याचा वरचा त्रिकोण जरा पुढे झुकवा, एक गुडघा मोडा, की तो चालायला लागतो. सहा-आठ फुटांवरून बघायच्या भिंतीवर माणसं तीन-साडेतीन इंच उंचीची ठेवा. त्याहून लहान काढली तर लांबून नुसती कणी सांडल्यासारखी दिसतात. आणि भिंत पूर्ण भरू नका. खालचा दीड फूट तर मोकळाच बरा, तिथे खुर्च्यांच्या पाठी आणि मुलांचे हात घासतात.

रेघा निदान दोन दिवस वाळल्यावर वॉटर-बेस्ड मॅट क्लिअर कोटचे दोन हात, मध्ये चार ते सहा तास. ब्रश एकदाच फिरवायचा, घोटायचा नाही, नाहीतर पांढरं गेरूत पसरतं. ऑइल-बेस्ड पॉलियुरेथेन अधिक कणखर म्हणून सुतार तेच सुचवतात, पण ते वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं आणि वारलीत पांढऱ्याशिवाय दुसरा रंगच नसतो. ग्लॉसी कोटही नको. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडून निम्मं चित्र दिसतच नाही. भर पावसाळ्यात हे काम काढू नये, दमट हवेत कोट वाळत नाही आणि दुधाळ राहतो.

भाड्याच्या घरात हेच सगळं सहा मिलिमीटरच्या प्लायवुडवर करा. पुढून, मागून आणि कडांना प्रायमर लावला नाही तर प्लाय बाक घेतो. मागे वरच्या बाजूला तिरकी कापलेली लाकडी पट्टी आणि भिंतीवर तिची उलटी जोडी, असं अडकवलं की दोन स्क्रूवर काम भागतं आणि घर सोडताना भिंतीसकट चित्र नेता येतं.

वारलीचा कंटाळा आला असेल तर चैत्रांगण बघा. चैत्रात अंगणात काढतात त्या रांगोळीत चंद्र-सूर्य, गोपद्म, शंख, कासव, तुळस, पाळण्यातली गौर, मोरपीस अशी सुटी-सुटी चिन्हं असतात. भिंतभर एकच चित्र न करता वरच्या कपाटांच्या खालच्या कडेने चिन्हांची एक ओळ, दर सहा इंचांवर एक, केली तर सुंदर दिसते आणि चुकलेलं एखादं पुसून परत काढता येतं. जेवणघराच्या भिंतीवर ती ओळ वारलीपेक्षा आम्हाला जास्त आवडते. फारशी कुणाकडे दिसत नाही, हेही कारण आहेच.

भांड्यांचं काय? माळ्यावरचे हंडे, घागरी, तपेली, बंब खाली काढून फळीवर मांडायची टूम आली आहे आणि ती चांगली आहे. पॉलिशवाल्याकडे टाकण्याआधी मात्र भांडं तिरपं करून काठाखाली बघा. जुन्या भांड्यांवर बारीक टिंबांनी नाव घातलेलं असतं, कधी गाव, कधी साल. मशीनचा बफ फिरला की ती टिंबं बुजतात. हाताने मठारलेल्या तांब्याचंही तसंच: पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने पाडलेल्या त्या खळग्यांतच सगळी शोभा असते, बफ त्यांच्या कडा खाऊन टाकतो. चिंच आणि मीठ घ्या, घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. निथळायला उपडं ठेवलं की दुसऱ्या दिवशी थेंबांचे डाग दिसतात. मांडताना नाव पुढे.

दर आठवड्याला घासायचं नसेल तर निव्वळ शोभेच्या भांड्यांना क्लिअर लॅकर मारता येतो. त्याआधी थिनरने पुसून हातमोजे घाला. उघड्या हाताने धरलं तर काही महिन्यांनी लॅकरखाली पाच बोटांचे काळे ठसे उमटतात. लॅकर मारलेल्या भांड्यात पाणी भरायचं नाही की चुलीवर चढवायचं नाही. उलट जे वापरायचंय त्याला आतून कल्हई हवी, आणि कल्हईचं भांडं कधीही कोरडं तापवायचं नाही, कारण कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं.

फळी तीन फुटांची असेल तर १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय आणि तीन ब्रॅकेट. तांबे-फुलपात्रांना आठ इंच खोली पुरते, हंड्यांना बारा-चौदा लागते. पुढच्या कडेला इंचभर उंचीची पट्टी ठोका, जुन्या मांडणीला असायची तशी. घासून परत ठेवताना भांडं सरकतं, तेव्हा तीच पट्टी कामाला येते. नव्या इमारतींच्या भिंती बहुधा हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गुल्ला पितळेच्या वजनाने भुसभुशीत होऊन निघतो. अशा ठोकळ्यांसाठीचे लांब नायलॉन अँकर मागा. प्लगपॉइंटच्या सरळ वर किंवा खाली, नळाच्या सरळ वर ड्रिल लावू नका.

दिव्याचं थोडक्यात: पितळ, तांबं, गेरू यांना ३००० केल्विनचा पिवळसर उजेड लागतो, ६५०० च्या पांढऱ्यात तांबं तपकिरी आणि गेरू मातकट दिसतो. वरच्या कपाटाखालची दिव्यांची पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला लावली तर उजेड ओट्यावर पडतो, चिरताना उपयोगी. मागे भिंतीला खेटून लावली तर उजेड भिंतीवरून घासत खाली येतो, टाइलचं पॅनेल खुलतं, पण पुट्टीचा प्रत्येक उंचवटा आणि तिरकी बसलेली प्रत्येक टाइलही दिसते. मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी रात्री एकदा मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून बघा.